रेफिकची खुर्ची

अमेरिकेतल्या युटिका गावात सिटी बस चालवणाऱ्या रेफिक दुराकोविचला फुटबॉलमधलं एकच भय ठाऊक होतं: तळाला गेलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जातो. त्याच्या बोस्नियातल्या गावचा संघ असाच घसरत घसरत इतका खाली पोचला होता, की सामन्याआधी मैदानातल्या गाई हाकलाव्या लागत.

त्यामुळे युटिकात ‘मोहॉक युनायटेड’ नावाचा क्लब निघाला आणि पहिल्याच मोसमात तळाला गेला, तेव्हा शेवटच्या सामन्याला रेफिक सुतकी चेहऱ्यानं बसला. आजूबाजूचे लोक टोमॅटो पाय नावाच्या थंड पिझ्झाचे तुकडे मिटक्या मारत खात होते. सामना हरल्यावर तर मोसम संपला म्हणून चक्क फटाके उडाले. रेफिकला रडू आवरेना.

शेजारच्या खुर्चीवर शाळेतली स्वयंपाकीण डोना पलाझो बसायची. ती घाबरलीच.

“काय रे, कोण गेलं?”

“आपण गेलो, डोना! खाली!”

“खाली कुठं?” डोना पोट धरून हसायला लागली. “अरे वेड्या, अमेरिकेत कुणी खाली जात नाही. मालकानं लीगमध्ये एकदा खुर्ची विकत घेतली, की मग हरा नाहीतर झोपा काढा!”

हे पचायला रेफिकला वर्ष लागलं. पचल्यावर मात्र तो सुखी झाला. हरण्यात इतकी निश्चिंती त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. जास्तीचे डॉलर भरून त्यानं आपल्या खुर्चीवर नावाची पितळी पट्टीसुद्धा लावून घेतली.

क्लबचे मालक प्रेस्टन हॉलिक मूळचे गाद्यांचे व्यापारी. दरवर्षी ते सुस्कारे टाकत तोटा जाहीर करत आणि तिकीट वाढवत. त्याच आठवड्यात पेपरात यायचं, की क्लबची किंमत दुप्पट झाली.

“माझी बस अशी तोट्यात गेली, तर मला घरी बसवतील,” रेफिक म्हणायचा.

“तुझ्या बसमध्ये खुर्च्या रिकाम्या असतात. लीगमध्ये मोजक्याच आहेत, आणि घेणारे दाराशी उभे,” डोना म्हणायची.

आणि एका मोसमात, कसा कोण जाणे, मोहॉक युनायटेड पहिला आला! रेफिक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडला. दुसऱ्याच आठवड्यात हॉलिकसाहेबांनी प्रेक्षकांची सभा बोलावली. लीगमधली खुर्ची त्यांनी फ्लोरिडातल्या एका गृहस्थांना विकली होती. क्लब आता तिकडे जाणार होता.

रेफिक ताडकन उभा राहिला. “अहो, पण आपण पहिले आलो ना?”

“म्हणून तर भाव चांगला आला!” हॉलिक प्रेमानं म्हणाले. “आणि जुन्या प्रेक्षकांना तिकडे सवलत आहे बरं का. तुमची जागासुद्धा राखून ठेवलीय.”

फ्लोरिडा म्हणजे विमानाचा प्रवास. रेफिक खाली बसला. पहिल्या मोसमासारखंच त्याला रडू आवरेना, आणि या वेळी डोनाही हसत नव्हती. ती तोंडावर रुमाल धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी कामगार मैदानातलं सामान ट्रकमध्ये भरत असताना रेफिक बस डेपोतला पाना घेऊन आला. आपली खुर्ची त्यानं सोडवली आणि खांद्यावर टाकली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं.

“काका, खुर्ची कुठं निघाली?”

“खाली,” रेफिक म्हणाला. “माझ्या तळघरात. या क्लबातलं काहीतरी खाली जाऊ दे, बाबा. खाली गेलेलं निदान गावात तरी राहतं.”