घरची टीम

भारताच्या फुटबॉल संघावर या एवढ्या मोठ्या देशात कोणी अगदी निरपेक्ष प्रेम केलं असेल, तर ते रायपूरच्या चौबे कॉलनीत राहणाऱ्या माझ्या मामेसासऱ्यांनी. प्रेम निरपेक्ष म्हणायचं कारण असं, की त्या संघाकडून त्यांना आयुष्यभरात काही मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. क्रिकेटवर जीव टाकणाऱ्याला मधूनमधून एखादा चषक तरी पदरात पडतो. मामाजींच्या पदरात नुसती बरोबरी पडली तरी त्या दिवशी घरी शिरा होत असे. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. नात्याने माझे मामेसासरे, पण सगळी कॉलनी त्यांना मामाजीच म्हणे. भाजीवाला, बँकेचा मॅनेजर आणि समोरच्या मंदिरातले पुजारीसुद्धा. पाटबंधारे खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पाणी कुठून कुठे न्यायचं हा विचार त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केला आणि उरलेला सगळा वेळ चेंडू कुठून कुठे जायला हवा होता, याच्या विचारात घालवला.

मी मूळचा सांगलीचा. विमा कंपनीतल्या नोकरीनं रायपूरला आणून टाकलं आणि इथलाच जावई झालो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तो नेमका विश्वचषकातला संध्याकाळचा सामना. मामींनी तांदळाच्या पिठाचे गरम फरे भरलेली प्लेट हातात दिली, मी पहिला घास तोंडापाशी नेला आणि मामाजी म्हणाले, "जवाईबुवा, उभे व्हा." टीव्हीवर उरुग्वेचं राष्ट्रगीत सुरू झालं होतं. मी प्लेट घेऊन उभा राहिलो. उरुग्वेचं राष्ट्रगीत बरंच लांब असतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. ते संपलं म्हणून बसायला गेलो, तर प्रतिस्पर्ध्यांचं सुरू झालं. मामी, त्यांचा मुलगा, कपडे घ्यायला आलेले इस्त्रीवाले भैया, सगळे सवयीनं ताठ उभे होते. दोन्ही देश आपले कोणी लागत नाहीत, हे मी जावयाला शोभेल अशा आवाजात सुचवून पाहिलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याचं गाणं बसून ऐकलं, त मंग आपलं उभ्यानं ऐकून काय फायदा?" फरे तोवर थंड झाले होते. थंड फरे खायची सवय त्या घरात सगळ्यांनाच होती.

आपला देश विश्वचषकात नसतो, ही गोष्ट त्यांना डाचत नसे असं नाही. पण त्यावर त्यांनी तोड काढली होती. ते कुठल्यातरी लहानशा देशाला महिनाभरापुरतं दत्तक घेत. देश नकाशात शोधावा लागेल इतका लहान हवा, एवढीच अट. मग तिथं पाऊस किती, पीक कोणतं, धरणं किती, याची चौकशी चाले आणि तो देश हरला की मामींना दोन दिवस पथ्याचा स्वयंपाक करावा लागे. एकदा अशाच एका बेटावरच्या देशानं बलाढ्य संघाला बरोबरीत रोखलं, तेव्हा त्यांनी पुरानी बस्तीत राहणाऱ्या आपल्या ऐंशीच्या घरातल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन करून अभिनंदन केलं. सासूबाईंना कोणाचं काय झालं ते कळलं नाही. त्यांनी आशीर्वाद दिला आणि बाळाचं नाव काय ठेवणार म्हणून विचारलं.

त्यांच्या निळ्या सदऱ्याची हकीकत तर पंडरीच्या बाजारात अजून सांगतात. भारताची जर्सी घ्यायची म्हणून ते मला घेऊन पंडरीत गेले. दुकानात इंग्लंडमधल्या, स्पेनमधल्या, इटलीतल्या क्लबांच्या जर्सी छतापर्यंत टांगलेल्या. दुकानदार म्हणाला, "अंकल, इंडिया का नहीं रखते, चलता नहीं।" आणि त्यानं स्पेनमधल्या एका शहराची जर्सी पुढे केली. मामाजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "इस गाँव में हमारा कौन रहता है?" दुकानदारानं जर्सी पुन्हा खुंटीवर चढवली. शेवटी मामाजींनी शेजारच्या दुकानातून निळं टेरिकॉट फाडून घेतलं आणि आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, चष्म्यासाठी वेगळा खिसा असलेला सदरा शिवून घेतला. तो घालून ते पेट्रोल पंपावर नोकरीला असल्यासारखे दिसत. त्यांना मात्र आपण संघाबाहेर बसलेले राखीव खेळाडू आहोत असं वाटत असावं.

त्यांना कडवा विरोधक मिळाला तो माझ्याच घरात. माझी मुलगी मुक्ता. ती एका इंग्लिश क्लबची भक्त. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. सोमवारी सकाळी ती "हम जीत गए" म्हणत उठली की मामाजी विचारत, "हम मंजे कोण? तू कधी गेली होती तिकडं?" ती म्हणे, "मामाजी, मेरा क्लब हर हफ़्ते खेलता है। आपकी टीम कभी-कभी खेलती है और तब भी हारती है।" देशांच्या सामन्यांसाठी क्लबांचे सामने थांबले, की मुक्ता दोन आठवडे घरात सुतक असल्यासारखी वावरे आणि मामाजींची मात्र दिवाळी असे. तिच्या क्लबचा लाडका खेळाडू आपल्या देशाकडून खेळताना लंगडत बाहेर गेला, तेव्हा तिनं त्याचा ठपका थेट मामाजींवर ठेवला. तेही दुसऱ्या दिवशी ओशाळल्यासारखे येऊन त्याच्या पायाची चौकशी करून गेले.

खेळ कुठे चांगला, याबद्दल त्यांचा वाद कधीच नव्हता. "खेळ तिकडं चांगला आहे, हव. मी कुठी नाई म्हटलं?" ते म्हणत. "पण क्लब मंजे हॉटेलातली भाजी. आवडली त खा, नाई त दुसरं हॉटेल पाहा. देशाची टीम मंजे घरी शिजली ते. मीठ कमी असलं तरी पानात तेच येते, आणि तेच आपलं." मुक्ता म्हणे, बेचव भाजी रोज खायची सक्ती का? आणि मला खरं सांगायचं तर मुक्ताचंच पटे.

मुक्ता नुसती पाहत नसे, खेळतही असे. विद्यापीठाच्या मुलींच्या संघात ती बचावफळीत होती आणि राज्याच्या संघासाठी तिची निवड होईल असं सगळे म्हणत होते. निवड चाचणीच्या आधीच्याच सामन्यात तिचा गुडघा पिरगळला आणि आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशन चांगलं झालं. व्यायाम नीट केला तर पुन्हा खेळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायाम तिनं केला, गुडघाही बरा झाला. पण ती मैदानाकडे वळली नाही. बूट तिनं माळ्यावर टाकले. आम्ही विषय काढला की उठून जाई. रोज क्लबचे जुने सामने लावून बसे, तेही फक्त जिंकलेले. एकदा मी सहज शेजारी जाऊन बसलो, तर पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली, "देखो पापा, ये लोग ग़लती ही नहीं करते।" घरात हसणारी-भांडणारी पोर होती, ती हळूहळू दिसेनाशी होत चालली होती. मला आणि माझ्या बायकोला काय करावं ते सुचत नव्हतं.

अशात कलकत्त्याला भारताचा सामना लागला. मामाजींनी आयुष्यात आपला संघ प्रत्यक्ष मैदानावर कधी पाहिला नव्हता. ते जायला निघाले, पण रक्तदाबाचा माणूस एकटा जाऊ देणार नाही म्हणून मामी आडव्या आल्या. त्यांच्या मुलाला रजा नव्हती, मलाही नव्हती. मोकळी होती फक्त मुक्ता. तिनं बरीच कुरकुर केली, पण मामींना नाही म्हणणं आमच्याकडे कोणालाच जमलेलं नाही. तेव्हा निळा सदरा, मामींनी दिलेल्या दशम्या आणि चेहरा पाडून बसलेली माझी मुलगी, अशी ही मंडळी हावड्याच्या गाडीनं गेली.

पुढचं सगळं मला मुक्तानं सांगितलं. मैदानाच्या दाराशी लोक मामाजींना तिथलेच कर्मचारी समजून रस्ता विचारू लागले आणि मामाजींनीही कोणाला निराश केलं नाही. सगळ्यांना हात करून आत पाठवत राहिले. सामना सुरू झाला. भारत बरा खेळत होता. बरोबरी होणार असं वाटत असताना अगदी शेवटी आपल्या एका बचाव खेळाडूनं गोलरक्षकाकडे परत दिलेला चेंडू कमी पडला. समोरच्यानं तो मधेच पकडला आणि गोल केला. प्रेक्षक उठले. त्या पोराला शिव्या देत, बाटल्या लाथाडत माणसं बाहेर पडू लागली. तो पोरगा तिथंच गवतावर गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला. मुक्ता म्हणाली, "मुझसे देखा नहीं जा रहा था, पापा।"

मामाजी मात्र उठून कठड्यापाशी गेले आणि टाळ्या वाजवायला लागले. रिकाम्या होत चाललेल्या मैदानात एकटेच, सावकाश, थांबत थांबत. मुक्तानं त्यांची बाही ओढली. "चलिए मामाजी, वो सुन भी नहीं रहा।"

"नसू दे," ते म्हणाले. "जिंकल्यावर थांबणारे लय भेटतात, पोट्टी. हरल्यावर कोणी त थांबलं पायजे ना."

तो खेळाडू उठून आत जाईपर्यंत ते हलले नाहीत. त्यानं वर पाहिलं की नाही हे मुक्तालाही सांगता आलं नाही. पण मामाजींच्या बाजूला उभं राहून केव्हातरी तीही टाळ्या वाजवायला लागली होती.

परतीच्या प्रवासात त्यांनी तिला काही उपदेश केला असेल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. दशम्या संपल्या म्हणून त्यांनी गाडीत आलेली झालमुरी, म्हणजे बंगाली तिखट भेळ, घेतली आणि खाऊन झोपले. सकाळी बिलासपूर गेल्यावर तिनंच विचारलं, मी पुन्हा खेळले आणि वाईट खेळले तर तुम्ही याल का? मामाजी चष्मा पुसत होते. "हव," ते म्हणाले, "पण ऊन असलं त टोपी लागंल मले." एवढंच. त्याच आठवड्यात माळ्यावरचे बूट खाली आले.

राज्याच्या संघात ती पुढे कधी निवडली गेली नाही. गुडघ्यानं पहिल्यासारखी साथ दिली नाही हे खरं. पण ती खेळली, हरली, जिंकली, घरात पुन्हा मोठ्यानं भांडू लागली आणि आज एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. तिच्या प्रत्येक सामन्याला मामाजी टोपी घालून घडीच्या खुर्चीवर हजर असत. क्लब तिनं सोडलेला नाही. सोमवारी सकाळी अजून "हम" जिंकतात. देशाच्या संघाचं आता कोणाला काय पडलंय, अशी चर्चा ऑफिसात निघते तेव्हा मी गप्प बसतो. माझ्याकडे मुद्दे नाहीत. माझ्याकडे फक्त माझी मुलगी आहे. मी एकदा मामाजींचे आभार मानायला गेलो, तर ते म्हणाले, "आभार काहून? तिनं मले खालचा बर्थ दिला होता."

मामी गेल्यावर मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. अलीकडे त्यांच्या आठवणींची सरमिसळ होते. वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकाच संघात खेळू लागतात. त्या संघात आता मुक्ताही आहे. ती भारताकडून खेळते, अशी त्यांची ठाम समजूत झाली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तसं सांगतात. सुरुवातीला ती फोनवर समजवायची, की मामाजी, मैं तो स्कूल में सिखाती हूँ. हल्ली समजवत नाही. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "काल मॅच कशी झाली?" आदल्या दिवशी तिच्या शाळेच्या मुली हरल्या होत्या. ती चक्क मराठीत म्हणाली, "हरलो, मामाजी."

पलीकडून मग ते म्हणाले, "होते तसं. तू जेवली का?"