मायनं चालू केलेली मशीन

आमच्या घरात कॉम्प्युटर चालू करायचं काम मायचं होतं. खोटं वाटेल, पण खरंय. दोन हजार चारच्या आसपास मी जवळा बाजार या गावी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सहा मशिनी, सगळ्या जुन्या, त्यात लिनक्स टाकलेलं. मोठी मशीन आधी नीट चालू झाली तरच तिला तारेनं जोडलेल्या बाकीच्या पाच चालायच्या. सकाळी मी आंघोळीला गेलो की माय त्या मोठीचं बटन दाबायची, चित्र येईपर्यंत समोर उभी राहायची आणि मग शेळ्या सोडायची. तिला सहीपण येत नव्हती, पण ऐट बघावी! शेजारणीला सांगायची, "आमची मशीन माझ्याच हातानं सुरू होती."

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. अपडेट टाकलं की नवा कर्नल येतो, जुनाही राहतो, आणि मशीन चालू होताना दोघांची यादी दिसते. कुणी काही दाबलं नाही तर त्यातला कोणता सुरू व्हायचा, ते एका फाइलीत नंबर टाकून ठरवायचं. मोजणी शून्यापासून. आमच्याकडं आलेला नवा कर्नल मशिनी एकमेकींना जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाला ओळखच देईना, त्यामुळं पाचही मशिनी आडव्या. नवा होता शून्यावर, जुना त्याखाली एकावर. मी फाइलीत एक लिहिला आणि जुनाच सुरू होईल अशी सोय केली. मोठा शहाणा!

काही महिन्यांनी परत सीडीवरून अपडेट टाकलं. आणखी एक कर्नल यादीत सगळ्यात वर येऊन बसला, बाकीचे खाली सरकले. एकावर आता तो बिनकामाचा कर्नल आला होता, चांगला गेला दोनवर. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बंद-चालू करून बघायची तसदीही मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार-पाच बाया आल्या होत्या. पोरींना क्लासला घालावं का नको, ते बघायला. मायनं बटन दाबलं. मोठीवर चित्र आलं, बाकी पाच काळ्याच. बायांसमोर माझं डोकं फिरलं.

"काय दाबलंस?"

"म्या काईच न्हाई केलं रे. रोजच्यावानीच बटन दाबलं."

"तुला कळत न्हाई तर हात काहून लावतीस?"

माय मशीनपासून मागं सरली. पदराला हात पुसले, शेळ्या सोडल्या आणि गेली. बायाही उठल्या.

दुपारपर्यंत मला खरं कारण सापडलं. फाइलीत एकाचा दोन केला, झालं, सगळ्या मशिनी सुरू. पण मायला सांगायला जीभ रेटेना. उद्या सांगू म्हटलं.

मग बाजाराचा दिवस आला. त्या सकाळी आलेल्यांतल्याच एका बाईनं मायला गाठलं. "मशिनी बंद पडतेत म्हणं तुमच्याकडं?" मी भाजीची पिशवी धरून हातभर अंतरावर उभा.

माय हसली. "न्हाई वो बाई. पोराच्या मशिनी एकदम बराबर हायत. म्याच अडाणी, भलतीकडं बोट लावलं. घाला पोरीला बिनघोर."

अरे, मला तर सगळं ठाऊक होतं! तरी मी वांग्यांकडं बघत राहिलो. आज लिहितानाही लाज वाटते. त्या वर्षी क्लास भरला. माय मात्र परत त्या खोलीत झाडायलासुद्धा आली नाही. चहा दाराबाहेर ठेवायची आणि हाक मारायची.

चार-पाच वर्षांनी मी तिच्यासाठी मोबाइल आणला. तिनं दोन्ही हात मागं घेतले. "नको रे. माझ्या हातानं बिघडतं."

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. चुकलेला नंबर, दुपारी सापडलेलं कारण, बाजारात गप्प राहिलो ते, सगळं सांगून टाकलं.

"तवाच काहून न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली. "लोकाचं जाऊ दे. पर एवढी वर्सं मलाबी खरंच वाटत आलं, म्याच काईतरी केलं म्हणून."