सही करून बुजवलेली बावडी

परदेशात, बोर्डो शहराला चिकटलेल्या एका लहानशा गावात माझी लेक राहते. मागच्या उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होते. शेजारची बाई निवृत्त शिक्षिका, मीही निवृत्त शिक्षिकाच. तिनं मला गाव दाखवायचं मनावर घेतलं. लेक दुभाषी. आठशे वर्षांचं चर्च पाहिलं, वाइनची थंडगार तळघरं पाहिली. घरांच्या मधोमध द्राक्षांचा एक मळा होता. बिल्डर मागत होते, गावानं दिला नाही, हे तिनं फार ऐटीत सांगितलं. मग ओढ्याकाठचा कपडे धुवायचा दगडी घाट. आता तिथं कुणी धूत नाही, तरी झाडून-पुसून ठेवलेला. भिंतीवरच्या पाटीवर तिथं धुणाऱ्या बायकांची नावं.

"तुमच्याकडे असं काय आहे?" तिनं विचारलं.

मी इकडच्या आमच्या बेसा गावातल्या सोसायटीमागची बावडी सांगितली. काळ्या दगडाची, खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. पूर्वी संत्र्याच्या बगीच्यांना तिचं पाणी जायचं. आम्ही राहायला आलो तेव्हा नळ नव्हता. दोन वर्षं मीही तिथूनच पाणी भरलं. सांगताना मलाच ऐट आली होती.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गेटातून बाहेर पडले, तर बावडी नाही. मलबा टाकून बुजवलेली. वर मुरूम, मुरमावर चुन्याचे पट्टे आणि तीन गाड्या.

तशीच घरात आले. नवरा पेपर वाचत होता.

"सगळ्यांनीच सह्या केल्या वं. पार्किंगले जागा पाहिजे होती."

"तुम्हीबी केली?"

"हो. नुसती पडून होती ते. मच्छर होऊन राहिले होते."

"अन् मले फोन काहून नाही केला?"

"तू भांडली असती."

भांडलेच असते! म्हणूनच तर मी नसताना उरकलं.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. कुणाला विचारून बुजवली, म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तो काय किल्ला होता का?" सगळे हसले. माझा नवराही हसला. ते हसू मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

"या बिल्डिंगच्या भिंती त्याच पाण्यानं उभ्या राहिल्या," मी ओरडले. "लाज वाटू द्या जरा!" अध्यक्षांनी कागद उलटला. पुढचा विषय लिफ्टचा होता.

बावडी काही परत मिळाली नाही. पण आमची गाडी मी त्या मुरमावर लावू देत नाही. ती बाहेर रस्त्यावर, मे महिन्याच्या उन्हात तापत असते. नवरा रोज कुरकुरतो. कुरकुरू दे.