अक्कांची गाडी आणि दोन सूत

विद्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या बाल्कनीत अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसले होते. "काकू, आई गेली. चहा घेतला, कप विसळून ठेवला, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच..." अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्र्याण्णव वर्षांच्या होत्या आणि अंथरूण धरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला आलेले लोक 'सोनं झालं' म्हणून गेले. ते खरंच आहे, पण मला अक्कांचं रडगाणं गायचं नाही. अख्खं घर नको म्हणत असताना त्यांनी बसवनगुडीच्या आमच्या परसात एका जुन्या मोटारीची बॉडी उचलून दाखवली होती, ती हकिकत मला सांगायची आहे. त्या कामात माझाही हात होता. कसला होता, हे सांगायला मला बरीच वर्षं लाज वाटत असे.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी नुकतीच पुण्याहून लग्न होऊन आले होते. माझे दीर, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि आमचे हे, असे दोघे भाऊ एकाच सरकारी कारखान्यात इंजिनिअर. थोरल्या जावेला मी वहिनी म्हणायला गेले, तर शेजारच्या अय्यंगारमामींपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत, मग मीही तेच धरलं. अक्का निपाणीच्या. त्यांचं एक वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडात पोचायचं. मला मात्र कन्नडातले दोनच शब्द येत होते, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, आणि तेवढ्यावर मी भाजी आणत असे. बाकी ऐकू आलेलं सगळं मी मनातल्या मनात मराठीत बसवून घ्यायची.

अक्कांचे वडील निपाणीला वकील. ते वारल्यावर भावांनी विचारलं, तुला आठवण म्हणून काय हवं? अक्कांनी त्यांची मोटार मागितली. तिच्यावरच त्या चौदाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या. इंग्रजी बनावटीची, चार दारांची, कापडी टपाची ती लांबलचक गाडी ट्रकवर चढून बंगळूरला आली आणि परसातल्या कौलारू शेडमध्ये बसली. दुसऱ्याच दिवशी अक्का जुन्या लुगड्याचा काचा मारून तिच्याखाली शिरल्या. हातात स्क्रूड्रायव्हर होता. चासीला, म्हणजे इंजिन आणि चाकं ज्याच्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याला, त्यांनी तो टेकवला आणि तो बिस्किटात जावा तसा आरपार गेला. गावातल्या तीन गॅरेजवाल्यांनी येऊन माना हलवल्या. गाडी भंगारात द्या, म्हणाले.

अक्कांचं म्हणणं साधं होतं. बॉडी उचलून बाजूला ठेवायची, गंजलेली चासी कापून, जोडून नवी करायची, बॉडी परत बसवायची. अप्पांचं म्हणणंही साधं होतं. बॉडी म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा, तीस वर्षांचं लाकूड, उचलली की मोडणार. शेवटी जेवताना त्यांनी निकाल दिला, "एका रविवारी उचलून बघू. भंगारवाल्यालाही त्याच दिवशी बोलावतो. मोडली तर तो घेऊन जाईल. नंतर डोळ्यांत पाणी चालायचं नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या आणि त्यांना आमटी वाढली.

पुढचा महिनाभर रोज स्वयंपाक आटोपला की अक्का शेडमध्ये. बॉडी चासीला धरून ठेवणारे सव्वीस बोल्ट होते. प्रत्येकाला खडूनं नंबर घातलेला, आणि रोज प्रत्येकाला केरोसीन पाजायचं. मी पणती धरावी तशी केरोसीनची वाटी धरून बसायची. एकदा गाडीखालून त्यांचा नुसता आवाज आला, "लग्न ठरलं म्हणून बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं. शिवण शिकले, तेही निम्मं. माझं काहीच पुरतं होत नाही गं, शालू. एवढं एक तरी होऊ दे..." मी नुसती वाटी पुढं सरकवली. सासर नवं होतं, आणि त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तेव्हापासून मात्र ती गाडी मोडू नये असं मला त्यांच्याइतकंच वाटायला लागलं.

तो रविवार उजाडला. बॉनेट, दारं, स्टीअरिंग आधीच काढून ठेवलं होतं. दारांच्या मोकळ्या जागांत, चौकट दुमडू नये म्हणून, अक्कांनी आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. बॉडीच्या खालून दोन सागवानी वासे घातलेले, एक पुढं, एक मागं. वाशांची चार टोकं, प्रत्येक टोकाला दोन माणसं. तीन टोकांना बाजारातून बोलावलेले सहा हमाल, चौथ्या टोकाला, म्हणजे मागं डावीकडं, अप्पा आणि आमचे हे. भंगारवाला फाटकापाशी हातगाडीच्या दांडीवर बसून विडी ओढत होता. मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं होतं, कारण मी घाबरट आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

अक्कांनी हात वर केला. माणसं वाकली, वासे खांद्यांना लागले. तीन कोपरे दोन-दोन बोटं वर आले... पण पुढचा उजवा कोपरा काही सुटेना. बोल्ट निघाला होता, पण बॉडी आणि चासी यांच्यामधली चामड्याची जुनी गादी गंजात चिकटून बसली होती. लाकूड करकरायला लागलं. हमालांचा म्होरक्या मुनियप्पा त्याच कोपऱ्याला होता. मानेच्या शिरा फुगवून तो ओरडला, "मेले! मेले! स्वल्प मेले!"

कन्नडात 'मेले' म्हणजे वर. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की माणसं मेली. एक नाही, बरीच. मी दारातून किंचाळले, "सोडा! अहो, सोडा!"

सहा हमाल जागचे हलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी सोडा म्हणजे बाटलीतलं पेय. पण चौथ्या टोकाला दोन मराठी माणसं होती. त्यांनी सोडलं. मागचा डावा कोपरा धाडकन खाली बसला, आत कुठंतरी लाकूड कडाडलं, भंगारवाला उठून उभा राहिला. आणि त्याच झटक्यानं, तरफेचं एक टोक दाबावं तसा, तिरक्या रेषेत समोरचा अडलेला कोपरा फट् आवाज करून गंजातून सुटला. अक्का तेवढ्यात धावल्या होत्या. लोंबणाऱ्या टोकाखाली त्यांनी स्वतःचा खांदा घातला आणि हमालांना म्हणाल्या, "बिडबेडी," सोडू नका. तेही ओरडून नाही, भाजीवालीला दर सांगावा तसं. वळून नवऱ्याला आणि दिराला म्हणाल्या, "तुम्ही दोघं आता मी सांगेन तेच ऐका. उचला."

तेवढ्यात मुनियप्पा, खांद्यावर चौथाई मोटार घेऊन, माझ्याकडं बघत अतिशय अदबीनं म्हणाला, "सोडा आमेले, अम्मा. मोदलु गाडी." सोडा नंतर, आधी गाडी. वासा खांद्यावर असताना अक्का हसायला लागल्या. त्यांचं हसू बघून हमाल हसले, मग अप्पाही, आणि त्या हसण्यातच बॉडी खांद्यापर्यंत वर गेली. अख्खी, न मोडता. खालची चासी ढकलून काढायला माणूस उरला नव्हता, तर तो भंगारवालाच विडी टाकून आत धावला आणि जी गाडी न्यायला आला होता तिची चासी त्यानं खांदा लावून उन्हात आणली. बॉडी टेकू म्हणून मांडलेल्या चार लाकडी घोड्यांवर टेकली तेव्हा अय्यंगारमामींनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातून खरोखरच सगळ्यांना सोडा मागवला, भंगारवाल्यालासुद्धा.

दोन दिवसांनी अक्कांनी दोरी लावून मोजलं. पडलेल्या कोपऱ्यातला लाकडी सांधा बसला होता, दोन सूत खाली. सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ सूत, म्हणजे दोन सूत पाव इंच. मागचं डावं दार आता लागणार नव्हतं. मी भिंतीकडं तोंड करून रडले. अक्कांनी मला खांद्याला धरून वळवलं. "महिनाभर केरोसीन घालून जे सुटलं नाही ते तू एका शब्दात सोडवलंस. एकेक कोपरा हलवून बघायला हवा होता, हे मला सुचायला पाहिजे होतं. सांधा उघडायला गेले तर अख्खी चौकट हातात येईल. तो आहे तसाच राहील. दाराचं मी बघते."

पुढचे सात महिने आमचं परस म्हणजे वर्कशॉप झालं. ओळखीच्या वेल्डरकडून चासी कापून जोडून घेतली. त्याच्यासमोर उभं राहून मापं सांगत होते ते आमचे अप्पा, गाडी भंगारात काढायला निघालेले. बॉडी परत चढवली तेव्हा चौथ्या टोकाला मुनियप्पानं स्वतःची माणसं आणली. आणि शेवटचे अकरा दिवस अक्का एकट्या त्या डाव्या दारापाशी बसल्या. रंधा मारायचा, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा मारायचा. बाराव्या दिवशी आम्ही चौघं येलहंकाच्या रस्त्याला लागलो. अक्का चालवत होत्या, अप्पा शेजारी, आम्ही दोघं मागं. एका चिंचेखाली गाडी थांबवून त्या उतरल्या आणि चारही दारं उघडून एकेक एका बोटानं लोटली. चारही लागली. "झालं हो पुरतं," त्या अप्पांना म्हणाल्या. अप्पांनी टोपी काढली आणि डोकं पुसलं... घाम नव्हता.

गेल्या रविवारी विद्यानं मला बोलावून घेतलं. गाडी चालती ठेवायची म्हणून तिनं इंदिरानगरहून जुन्या मोटारींचा एक जाणकार आणला होता, पन्नाशीचा, दाढी पिकलेला. तासभर तो गाडीखाली होता. बाहेर येऊन म्हणाला, चासी उत्तम आहे, फक्त बॉडीचा मागचा डावा कोपरा पाव इंच खाली आहे, पट्टी घालून आजच वर घेतो. विद्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं पाना उचलला, आणि सहज म्हणून ते मागचं दार उघडलं. मग दाराच्या कडेवरून त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "हे दार त्या पाव इंचाला धरून तासलंय. कोपरा वर घेतला तर हे लागायचं नाही," तो म्हणाला. "कुणी केलंय हे?"

"दार आमच्या अक्कांनी," मी म्हटलं. "दोन सूत माझे."

त्यानं पाना पिशवीत परत ठेवला आणि एका बोटानं दार लोटलं.