तीन फेजांचा उजेड

शेवगावात पाण्याच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करणारे चौघे होते, पण मोटारीच्या अंगाला कान लावून तिचं दुखणं सांगणारा एकच, बन्सी फुंदे. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण जळलेल्या मोटारींनी केलं. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक पेर कमी होतं, आणि ते कसं गेलं हे तो कुणाला सांगत नसे.

त्र्याहत्तर सालचा मार्च होता. बन्सीच्या बोरमाळ गावात टँकर दिवसाआड यायचा आणि हंड्यांची रांग पहाटेपासून लागायची. त्याच दिवसांत जमिनीखालचं पाणी शोधणारे दाबके साहेब तालुक्याच्या कचेरीत येऊन बसले. त्यांच्याबरोबर एक नवलाचं टेबल होतं. वर दुधी काच, काचेखाली ट्यूब, आणि काचेवरून सरकणारी लांबलचक फिल्म. विमानातून काढलेला सगळा मुलूख त्या फिल्मवर होता. काळ्या खडकात कुठं चीर दडलेली असेल, तर तिथं केसाएवढी बारीक रेष दिसते, आणि चिरेत पाणी असतं. साहेब जिथं खूण करतील तिथं बोअरचं मशीन जाणार होतं. फिल्म मात्र शनिवारी पुण्याला परत करायची होती.

बुधवारी बन्सीला बोलावणं आलं. साहेब डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसले होते.

"उजेड थरथरतो रे. दोन तास बघितलं की कपाळ फुटतं. फिल्म फिरवली की एका रेषेच्या चार रेषा होतात. बोरमाळच्या पट्ट्यात काहीतरी आहे असं वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर मी खूण करत नसतो."

बोरमाळ म्हटल्यावर बन्सी लगेच कामाला लागला. त्यानं ट्यूब बदलली, चोक बदलला. थरथर तशीच. गुरुवारी ट्रॅक्टरची बॅटरी आणून बल्ब लावले. उजेड स्थिर झाला, पण काच तापली आणि फिल्मची कड वळायला लागली. साहेबांनी ती झटक्यानं ओढून घेतली.

"ही जळली तर माझी नोकरी जाईल, बाबा!"

बन्सी पायरीवर येऊन बसला आणि आपल्या थोट्या बोटाकडं बघत राहिला. सात वर्षांमागं एका लेथच्या दुकानात, ट्यूबच्या उजेडात, त्याला फिरती पुली थांबलेली दिसली होती. त्यानं हात घातला होता. तेव्हा उस्ताद म्हणाला होता, हा उजेड एका सेकंदात शंभरदा मरतो आणि शंभरदा जगतो; पुलीचा फेरा त्याच्या ठेक्यात आला की ती उभी दिसते. तेव्हापासून बन्सीचा ट्यूबवर राग होता. आज पहिल्यांदा राग बाजूला सारून त्यानं विचार केला. एक ट्यूब मरते त्या घटकेला दुसरी जागी पाहिजे. एका उखळात तिघी जणी मुसळं घालतात, तेव्हा एकीचं वर, एकीचं मधे, एकीचं खाली. उखळ कधी रिकामं राहत नाही. तीन फेजांची वीज तशीच एकामागं एक चालते. तीन फेज, तीन ट्यूबा!

पण कचेरीत एकच फेज होता. तीन होते ते मळ्यांतल्या मोटारींना.

शुक्रवारी सकाळी टेबल गोधडीत गुंडाळून जीपमधून बोरमाळला आलं. तिथं साळूबाईच्या मळ्यातली विहीर आटलेली, मोटार चार महिने गप्प. साळूबाई कमरेवर हात देऊन उभी.

"माज्या हिरीत पानी न्हाई, आन तू टेबल घिऊन आलास व्हय रं बन्श्या? पंगत बसवतो का काय?"

"काकू, तुमची मोटार झोपलीय. तिची लाइट जरा उसनी घेतो."

मोटारीच्या खोलीत त्यानं काचेखाली तीन ट्यूबा बसवल्या, तिघींना तीन वेगळे फेज. साहेब दारातून म्हणाले, "दोन फेज एकमेकांना चिकटले तर?"

"मग मी न्हाई आन टेबल बी न्हाई. म्हणून म्हणतो, साहेब, तुमी भायेरच ऱ्हावा."

आधी एकच ट्यूब पेटवली आणि तिच्यापुढं कडब्याचं ताट, ज्वारीची वाळकी काडी, सपकन हलवलं. पंखा उघडावा तशी सात-आठ ताटं दिसली. मग तिन्ही पेटवल्या. ताट पुन्हा हलवलं, तर नुसती एक धूसर पट्टी. उजेड सायीच्या दुधासारखा एकसंध पसरला होता.

साहेबांनी फिल्म लावली, भिंगाला डोळा दिला. फिल्म एकदा पुढं, एकदा मागं सरकवली. दारात साळूबाई टाचा उंचावून बघत होती.

"बन्सी, ये. बघ."

बन्सी वाकला. सगळं बोरमाळ तिथं होतं. देऊळ गव्हाच्या दाण्याएवढं, त्याचं स्वतःचं घर तिळाएवढं. ज्या वाटा तुडवण्यात जन्म गेला त्या सुतासारख्या. आणि या सगळ्याखालून, कुणाचा बांध न मानता, ओढा ओलांडून, एक रेष सरळ गेली होती. फिल्म सरकली तरी ती एकच राहिली. आपण एवढी वर्षं हिच्यावरून चालत होतो! त्याला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

साळूबाईनंही बघितलं. साहेबांनी तिला तिची विहीर दाखवली, काळा ठिपका. रेष तिथून ऐंशी पावलांवर होती.

"माज्या मालकानं बारा वर्सं सुरुंग लावलं," ती हळू म्हणाली. "ऐंशीच पावलं?"

साहेबांनी गायरानात खूण केली.

अकराव्या दिवशी मशीन आलं. धुरळा, मग ओला चिखल, आणि एकशे तीस फुटांवर पाणी उसळलं. अख्खं गाव खड्ड्याकडं धावलं. बन्सी जागेवरच मान वर करून उभा होता. त्या निळ्या पोकळीत विमान नेमकं कुठून गेलं असेल, कुठून गाव एवढंसं दिसलं असेल, ते तो शोधत होता.

"आरं बन्श्या," साळूबाई भिजल्या पदरानं ओरडली, "वर काय बघतोस मुडद्या? पानी खाली हाय!"