हात ओळखणारे आबा कासार

गेल्या महिन्यात श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी आबा कासारांचा थोरला मुलगा एकटाच आला. बांगड्यांची पेटी उघडून त्यानं मला माप विचारलं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. आबांनी जन्मात कुणाला माप विचारलं नव्हतं... मग त्यानंच मान खाली घालून सांगितलं, आबा गेले.

पारनेरला माझ्या माहेरी आमच्या आळीतल्या सगळ्याजणींना आबाच बांगड्या भरत. गावच्या लेकी जिथं दिल्या, तिथंही वर्षातून दोनदा त्यांची फेरी असे. हात हातात घेतला की गप्पांच्या नादात बांगडी कधी चढली ते कळत नसे. एखादी पिचून वाढलीच, तर 'माझाच हात वाकडा पडला' म्हणत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं. सहाच महिन्यांत अंगात बारीक ताप राहू लागला. पण उसाच्या शेतीचं घर, कामाचा रगाडा; मी बाई गप्प बसले. माझी पत्रं सासरे वाचूनच टपालात टाकत, तेव्हा 'मी खुशाल आहे' एवढंच लिहीत असे. त्यात आबा आले. माझा हात धरला आणि बोलता बोलता थांबले. जुन्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. सासूबाईंना म्हणाले, सूनबाईंच्या मापाच्या संपल्यात, पुढच्या फेरीला बघू. पेटी तर समोर गच्च भरलेली! असा राग आला मला त्यांचा म्हणून सांगू.

ते फेरी अर्धी टाकून पारनेरला गेले आणि आईला म्हणाले, "वैनी, पोरीचा हात लई उतरलाय. पत्रावर जाऊ नका, घेऊन या."

तिसऱ्या दिवशी आई-दादा दारात उभे. नगरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले. आठ महिने माहेरी औषधं आणि सुया घेतल्या, आणि मी वाचले.

सासूबाईंना मात्र ही चुगली फार झोंबली. त्यांच्या शब्दावरून आमची अख्खी गल्ली आबांना बंद झाली. मी परतल्यावर, माझी सुधारलेली तब्येत बघून, सासूबाईंनीच त्यांना निरोप धाडला. ते आले तेव्हा मी म्हटलं, आबा, माझ्यापायी तुमची एवढी गिऱ्हाइकं गेली.

माझं मनगट चाचपत ते म्हणाले, "गल्ली दुसरी घावंल, पोरी. हातच गेल्यावर भरू कुनाला?"

मला रडू फुटलं आणि मूठ घट्ट आवळली गेली. ती सैल पडेपर्यंत आबा बांगडी धरून तसेच बसून राहिले.