कापूस बाहेर, मी आत

"वांग्याचा काही दोष नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी भर दवाखान्यात मोठ्यानं हसले. हसता हसता धाप लागली, तरी हसू थांबेना.

माझा डावा हात टेबलावर उताणा होता. त्यावर पेनाच्या खुणा आणि प्रत्येक खुणेशेजारी एकेक थेंब टाकून हलकेच टोचलेलं. वांगं, शेंगदाणा, दूध या खुणा सपाट. खाली मात्र मच्छर चावल्यावर येतात तशा लालभडक गांधी उठल्या होत्या. घरातली धूळ, बुरशी आणि कापसाची धूळ. 'अ‍ॅलर्जिक अस्थमा,' मॅडम म्हणाल्या. म्हणजे अंगाला न मानवणारी गोष्ट श्वासावाटे आत गेली की श्वासनळ्या सुजतात, आखडतात आणि दम लागतो.

हिवाळा आला की ज्यांना शिंका, खाज आणि धाप सुरू होते आणि घरचे ज्यांच्या ताटातला एकेक पदार्थ उचलून नेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं सासर आर्वीजवळच्या खेड्यात. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच राहतो. गोठ्यात ठेवला तर भिजण्याची भीती, चोरीची भीती. म्हणून ज्या खोलीला कुलूप लागतं त्या खोलीत. आमच्या घरी ती खोली म्हणजे माझी आणि नवऱ्याची झोपायची. मागच्या भिंतीपासून पार छताच्या लाकडी फाट्यांपर्यंत कापूस आणि दाराशी जेमतेम बाजेपुरती जागा. पाहुणे आले की सासरे, म्हणजे आमचे मामाजी, दार उघडून त्यांना तो ढीग कौतुकानं दाखवायचे. शेजारी पांघरूण घेऊन खोकत बसलेली सून कुणाच्या नजरेत भरायची नाही.

त्रास सुरू झाला तो शिंकांनी. मग मानेला, हाताला खाज. मग आडवं झालं की छातीत शिट्टी वाजायची. गावातल्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या आणि सासूबाईंनी पथ्य सांगितलं. "वांगं वातूळ असते, खाज सुटनारच." वांगं बंद झालं. मग दही बंद, शेंगदाण्याचा कूट बंद, आंबट बंद. जी शेजारीण भेटायला येई, ती एक पदार्थ कमी करून जाई. शेवटी ताटात भाकर आणि मुगाचं वरण उरलं.

होळीच्या सुमारास कापूस विकला गेला आणि माझी धाप थांबली. सगळं श्रेय पथ्याला मिळालं. मीसुद्धा मान डोलावली. पुढच्या हंगामात कापूस पुन्हा खोलीत आला, माझी छाती पुन्हा वाजू लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तूनंच खाल्लं असन चोरून."

धाप मी सोसली होती. हे नाही सोसलं. सकाळी पदर खोचला, एसटी पकडली आणि आर्वीला डॉक्टर मॅडमचा दवाखाना गाठला.

पहिल्या खेपेला मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. बसमध्ये शिंकांनी लाज जाऊ नये म्हणून निघताना गोळी घेतली. मॅडमनी विचारलं, "गोळी खाऊन आलात?" ती गोळी 'अँटिहिस्टामिन' असते, म्हणजे अ‍ॅलर्जीची खाज, सूज दाबून टाकणारी. तिचा असर असेपर्यंत हातावर काहीच उठत नाही आणि चाचणी फसते. त्यांनी गोळी बंद करून आठवड्यानं बोलावलं. श्वासासाठी 'इनहेलर' दिला, म्हणजे औषध थेट छातीत पोचवणारा पंप. कुठलीही गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच करा.

घरी पंप बघून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सवय लागते त्याची. मंग सुटत नाई."

"मले श्वासाचीबी सवय हाय, आई," मी म्हटलं. "तेबी सुटत नाई."

तो आठवडा वाईट गेला. गोळी नाही म्हणून खाज नुसती उसळायची. रडू यायचं, पण कुणापुढे रडायचं नाही असं ठरवलं होतं.

दुसऱ्या खेपेला 'स्किन प्रिक टेस्ट' झाली. म्हणजे ज्यावर संशय आहे त्या गोष्टीचा अर्क कातडीवर टोचून बघायचा. दुखत नाही, काटा लागावा एवढंच. बाकावर हात न खाजवता बसून राहणं मात्र जिवावर येतं. निकाल पाहून मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही झोपता कुठे?"

इतके दिवस जो तो मी काय खाते ते विचारत होता. कुठे झोपते हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळं खा. पंप मी सांगेन तोवर रोज घ्या, घेतल्यावर चूळ भरा. पण कापसाशेजारी झोपलात तर माझ्या औषधाचा उपयोग नाही."

घरी येऊन हे सांगितलं. नवरा म्हणाला, "भाव येऊ दे, मंग काढू." मामाजी म्हणाले, "लक्ष्मी कोनी बाहेर ठेवते का?"

मग लक्ष्मी कोण, हे गावानंच ठरवावं म्हटलं. भर दुपारी बाज ओढत बाहेर नेली, रस्त्याकडेच्या उघड्या छपरीत टाकली, गोधडी घेतली आणि पंप उशाशी ठेवून आडवी झाले. आमच्या घरावरून पाणवठ्याची वाट जाते. जी ती थांबून विचारू लागली, "काऊन वो, भर थंडीत बाहेर काऊन?"

"आत कापूस झोपून राह्यला. मले जागा नाई."

मी कुणाशी भांडले नाही. विचारेल तिला तेवढंच सांगितलं, जरा मोठ्यानं, मामाजींना ऐकू जाईल असं. अंधार पडायच्या आत नवरा मुकाट्यानं गोठ्याशेजारच्या टिनाच्या खोलीला दार आणि कुलूप बसवत होता. दुसऱ्या दिवशी कापूस तिकडे हलला. ओल्या फडक्यानं माझी खोली पुसून घेतली आणि मी आत झोपले.

लगेच बरी झाले असं सांगणार नाही. कितीतरी महिने पंप घेतला, अजूनही थंडीत घेते, बसमध्ये सगळ्यांदेखत घेते. बघणाऱ्यानं खुशाल बघावं. सोयाबीन काढताना तोंडाला फडकं बांधते. पण आडवी झाले की झोप लागते. मॅडमच्या त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा कापूस वावरातून थेट टिनाच्या खोलीत गेला. पाहुण्यांना मामाजी सांगत होते, "सुनेले सोसत नाई, काय करता?" मामाजी माझ्या पलीकडच्या खोलीत झोपतात. दर हिवाळ्यात ते खोकून घर जागं ठेवायचे आणि तो तंबाखूचा खोकला, असं घरात कधीच ठरून गेलं होतं. तंबाखू अजून सुटलेली नाही. ते जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, "मामाजी, तुमचा खोकला कुठं गेला?"

"कोनता खोकला?" ते ताटात बघत म्हणाले.

चुलीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत तयार होतं. बायकांनी मागून जेवायची आमच्या घरची रीत. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी माझं ताट घेतलं आणि भरीत आधी स्वतःला वाढून घेतलं.